मावशींच्या मनगटावरची पट्टी

आमच्या आरोग्य केंद्रात तीन भिंतींवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. तरी सत्तावीस वर्षं इथलं काम वेळेवर चाललं, कारण सगळे जण घड्याळाऐवजी मावशींच्या मनगटाकडे बघायचे.

मी इथला औषधवाला. एका खिडकीत बसून दिवसभर गोळ्या मोजतो आणि लोकांना त्या जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगतो. लोक ऐकतात, मान हलवतात आणि घरी जाऊन आपल्या मनासारखं करतात. खिडकीतून मला बाहेरची रांग, ओट्याच्या पायऱ्या आणि बाळंतपणाच्या खोलीचं दार एवढं दिसतं. माझं तोंड जरा सैल आहे, रांगेतल्या माणसाला टोमणा मारल्याशिवाय मला औषध देता येत नाही, त्यामुळे मी मोठा धीट माणूस आहे असा लोकांचा समज आहे. मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मावशी इथल्या आया. झाडणं, पुसणं, अवजारं धुणं, बाळंतिणीचा हात धरणं, रांगेत भांडणाऱ्यांना गप्प करणं, ही सगळी कामं त्यांची. मला त्या ‘अरे गोळीवाल्या’ अशी हाक मारायच्या. धिप्पाड बाई, पायात रबरी चपला, चालल्या की फटफट आवाज व्हायचा. बायकोचं ओरडणं ऐकून व्हरांड्यात चक्कर येऊन पडणारे नवरे त्यांच्या खास नावडीचे. अशांच्या हातात त्या झाडू द्यायच्या आणि म्हणायच्या, पडायचंच असेल तर आधी जागा झाडून घे. साप चावलेला, दारू पिऊन डोकं फोडून घेतलेला, पिसाळलेल्या कुत्र्याने फाडलेला, कोणीही येऊ दे, मावशींच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

त्यांची एक पद्धत मला विशेष आवडायची. कुणाचा रक्ताचा, थुंकीचा, कसला तरी रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंनी आत बोलावलं की माणसाचे पाय जागीच खिळतात. मी खिडकीतून कितीतरी जणांना तसं खिळलेलं पाहिलंय. मावशी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जायच्या, त्याचा कोपर धरायच्या आणि म्हणायच्या, “चल. दारापर्यंत मी आहे, आत तुझं तू.” आणि तो माणूस निघायचा. मला हे कोडं कधी सुटलं नाही. पंधरा पावलांची तर सोबत, पण तेवढ्यावर माणसं आत जायची.

आता पट्टीचं सांगतो. बाळंतपणाची कात्री, चिमटे, टाक्यांच्या सुया, कापडं हे सगळं धुऊन, सुकवून एका गोल स्टीलच्या डब्यात भरतात. त्याला आम्ही ड्रम म्हणतो. तो ड्रम मग वाफेच्या यंत्रात जातो. यंत्राचं खरं नाव अवघड आहे, आमच्याकडे सगळे त्याला कुकर म्हणतात, कारण ते कुकरच आहे, फक्त मोठा. दाबाचा काटा वर चढला की पुढे वीस मिनिटं वाफ द्यायची. तेवढ्यात सगळे जंतू मरतात. गंमत अशी की वाफ खाल्लेला ड्रम आणि न खाल्लेला ड्रम दिसायला अगदी सारखा असतो. म्हणून त्याच्यावर एक कागदी टेप चिकटवतात. टेपवर फिकट रेघा असतात, वाफ नीट लागली की त्या काळ्या होतात. रेघ काळी नसेल तर ड्रम उघडायचा नाही, एवढा सरळ नियम आहे.

मावशींचा स्वतःचा नियम टेपच्याही आधीचा होता. ड्रम कुकरमध्ये ठेवला की त्या डाव्या मनगटाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायच्या. वाफ पुरी झाली, ड्रम तयार झाला की पट्टी सोडून कमरेला खोचायच्या. पट्टी हातावर म्हणजे ड्रम अजून कच्चा. हात मोकळा म्हणजे ड्रम पक्का. त्या पट्टीचे धागे सुटू नयेत म्हणून बाजारातल्या शिंप्याकडून त्यांनी तिच्या कडा निळ्या दोऱ्याने शिवून घेतल्या होत्या. सिस्टर बदलल्या, डॉक्टर बदलले, नवीन माणूस आला की त्याला आम्ही पहिल्या दिवशी पाणी कुठे मिळतं ते दाखवायचो आणि दुसऱ्या दिवशी मावशींचं मनगट दाखवायचो.

टेप दोन महिन्यांपूर्वी संपली होती. मावशींनी माझ्याकडे ती तीन वेळा मागितली. टेपसाठी वेगळा फॉर्म लागतो, तो मोठ्या भांडारात स्वतः नेऊन द्यावा लागतो, तिथला माणूस कधी जागेवर नसतो. मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. तिसऱ्यांदा त्या खिडकीशी आल्या तेव्हा मी म्हणालो, “मावशी, तुमच्या हातावर पट्टी असताना टेप हवी कशाला? सत्तावीस वर्षांत चुकलीय का कधी?” रांगेतले लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. माणूस आहे मी, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

तो दिवस लसीकरणाचा होता. लसीकरणाच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बायका कडेवर एक आणि हाताला एक घेऊन येतात, वजनाच्या काट्यावर रडारड, सुईच्या टेबलाशी त्याहून मोठी रडारड. सकाळी सहाला एक बाळंतपण होऊन गेलं होतं. त्याची अवजारं मावशींनी धुतली, सुकवली, ड्रममध्ये भरली आणि दहाच्या सुमारास ड्रम कुकरमध्ये ठेवून मनगटाला पट्टी बांधली. दहा मिनिटांत वीज गेली. कुकर बंद पडला. वीज आली की कुकरचं बटण पुन्हा हाताने दाबावं लागतं, नुसती वीज येऊन ते सुरू होत नाही. मावशींना हे झोपेतही माहीत होतं. पट्टी हातावर होती, म्हणजे काम राहिलंय हेही माहीत होतं.

पंखे बंद पडले तशी सगळी माणसं ओट्यावर आली. त्या रेटारेटीत चारेक वर्षांची एक पोरगी पायरीवरून तोंडावर पडली. कपाळ फुटलं. मी खिडकीतून पाहिलं, रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं आणि तिची आई कडेवरच्या तान्ह्याला सावरत नुसती ओरडत होती. मावशी जवळ होत्या. पट्ट्यांचा ट्रे आत, मध्ये साठ माणसं. त्यांनी मनगटाची पट्टी सोडली, घडी करून पोरीच्या कपाळावर दाबली, गुंडाळून गाठ मारली आणि आईला सांगितलं की आत जाऊन नीट ड्रेसिंग करून घे. आईने मान हलवली. रक्त थांबलेलं पाहून ती आत गेलीच नाही, तान्ह्याच्या लसीच्या रांगेत उभी राहिली आणि लस झाल्यावर दोन्ही पोरांना घेऊन घरी गेली. लोक मान हलवतात आणि मनासारखं करतात, हे मी वर सांगितलंच आहे.

वीज वीस मिनिटांनी आली. पंखे फिरले, माणसं आत गेली, मावशी पुन्हा वजनाच्या काट्याशी, रांगेशी, फडक्याशी. हात मोकळा होता.

बाराच्या आसपास शिंप्याच्या बायकोला आणलं. तोच बाजारातला शिंपी, निळ्या दोऱ्याचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिलं. शिंप्याच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती, काढायचं भान राहिलं नव्हतं. त्याची आई मागून एक गाठोडं आणि असंख्य सूचना घेऊन आली. बाळ अगदी टेकलं होतं. सिस्टरने आतून विचारलं, ड्रम झालाय का? मावशींनी मनगटाकडे पाहिलं. मग कुकर उघडला. काटा शून्यावर होता, झालेल्या ड्रमचाही तो शून्यावरच असतो. ड्रमला हात लावला, तो कोमट होता. दहा मिनिटं तापला होता ना. मावशी ड्रम घेऊन आत गेल्या आणि दार लागलं.

पाऊण तासाने बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. नाळ कापली, बाईला चार टाके घातले, सगळं व्यवस्थित. शिंपी माझ्या खिडकीशी येऊन उगाचच हसत उभा राहिला. मी त्याला म्हणालो, आता गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर मिळण्याची उरलीसुरली आशाही संपली. तो आणखी हसला. मीही हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

चार वाजता ती कपाळ फुटलेली पोरगी परत आली. जखम पुन्हा वाहायला लागली होती. गर्दी ओसरली होती, मावशी ओटा धूत होत्या. पोरगी आईचं बोट धरून पायऱ्या चढली आणि मावशींच्या समोर उभी राहिली. तिच्या कपाळावर रक्ताने कडक झालेली पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला निळा दोरा होता.

मी पाहत होतो. मावशी वाकून पोरीशी बोलायला गेल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली, ठेवली म्हणजे सुटली, आणि पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं. मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. सत्तावीस वर्षं ज्या बाईचा चेहरा हलला नव्हता, तो चेहरा पांढराफटक पडलेला बघणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्या माझ्या खिडकीशी आल्या. चपलांचा आवाज आला नाही, त्या पाय घासत चालत होत्या. खिडकीच्या कट्ट्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

“कुकर परत लावलाच नाही मी,” त्या म्हणाल्या. “ड्रम कच्चा होता.”

मला विचारायचं होतं, नक्की का? पण विचारण्यात अर्थ नव्हता. सकाळी एका बाईवर वापरलेली कात्री फक्त धुऊन दुपारी दुसऱ्या बाईवर वापरली होती. तिच्या बाळाची नाळ त्याच कात्रीने कापली होती. अशाने काय होतं ते मावशींनी पाहिलं होतं आणि मीही पाहिलं होतं. नोकरीला लागलो त्या वर्षी घरी बाळंत झालेली एक बाई आठव्या दिवशी इथे आणली होती, ताप डोक्यात गेलेला. तिचं बाळ दूध ओढायचं बंद झालं होतं. दोघांपैकी कुणीही परत गेलं नाही. ते दोघं त्या क्षणी आमच्या मधल्या कट्ट्यावर येऊन बसल्यासारखे मला वाटले.

आता मी काय बोललो ते सांगतो. मला पहिली आठवण टेपची झाली. बाळाची नाही, बाळंतिणीची नाही. डॉक्टरबाई विचारणार, टेपची रेघ काळी होती का? मावशी सांगणार, टेपच नव्हती. का नव्हती? मी खिडकीतून बाहेर डोकावून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणालो, “मावशी, थांबा जरा. अवजारं औषधाच्या पाण्यातून तर काढली होती ना? साबणाने धुतली होती ना? काही होणार नाही. दोन दिवस बघू. ताप आला तर सांगू.”

मावशींनी कट्टा सोडला.

“ताप यायची वाट बघायची?” त्यांनी विचारलं.

मी पुष्कळ काही बोललो. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, सत्तावीस वर्षांवर बोळा फिरेल, शिंप्याचं घर विनाकारण घाबरेल, बाळंतिणीच्या मनावर परिणाम होईल. सगळी कारणं दुसऱ्यांची होती. मावशींनी ती ऐकून घेतली आणि बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. पुढचा अर्धा तास मी दारातून त्यांची फक्त पाठ पाहिली. त्या शिंप्याच्या बायकोच्या कपाळावर हात ठेवायच्या, काढायच्या, परत ठेवायच्या. बाळाच्या पोटावरचं कापड उचलून नाळ बघायच्या. बाळंतीण त्यांना काहीतरी विचारत होती आणि हसत होती, बहुतेक बाळ कुणासारखं दिसतं ते. मावशी मान हलवत होत्या. मग त्या बाहेर आल्या, पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, सुटलो, आता त्या बोलणार नाहीत. इतका सुटकेचा श्वास मी आयुष्यात क्वचित टाकला असेल.

तेवढ्यात त्या चालायला लागल्या. डॉक्टरबाईंच्या खोलीकडे. पंधरा पावलं. मध्ये एकदा थांबल्या, भिंतीचा आधार घेतला. त्यांचा कोपर धरायला कोणी नव्हतं. मी खिडकीत होतो आणि खिडकीतच राहिलो.

डॉक्टरबाई तरुण आहेत, इथे येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. त्या ओरडल्या नाहीत. मला नंतर सिस्टरने सांगितलं, त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. किती वाजता, आणि आधीच्या बाईचे रिपोर्ट कुठे आहेत. मग सगळं धावपळीत झालं. माझ्या खिडकीशी चिठ्ठी आली, इंजेक्शनं काढून द्या, आईची आणि बाळाची वेगळी. मी काढून दिली. एक बाटली हातातून निसटली, पण फुटली नाही. सकाळच्या बाईला आजार काही नव्हता, तिचे रिपोर्ट चांगले होते, तेवढा एक दिलासा. बाकी सगळं येत्या दिवसांवर होतं.

घरच्यांना मी सांगते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मावशी म्हणाल्या, नाही, ते माझं काम आहे. व्हरांड्यात शिंपी आणि त्याची आई बाकावर बसले होते, त्यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. मला शब्द न शब्द ऐकू आला.

“तुझ्या बाळाची नाळ कापली ती कात्री धुतलेली होती, पण वाफेतून काढलेली नव्हती. तुझ्या बायकोच्या टाक्यांची सुईपण तशीच. वाफ द्यायची मी विसरले. आता दोघींना औषध सुरू केलंय.”

शिंप्याने गळ्यातली टेप हातात घेतली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागला. त्याच्या आईला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती उठून आत गेली, नातीला उचलून छातीशी धरलं आणि दाराकडे पाठ करून बसली.

“बाळाला काही होईल का?” शिंप्याने विचारलं.

“माहीत नाही,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. निदान अर्धं. मी असतो तर बोललो असतो.

त्या संध्याकाळपासून शिंप्याच्या आईने मावशींना खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मावशी ओट्याच्या वरच्या पायरीवर बसायला लागल्या. काम असेल ते करायच्या आणि परत पायरीवर. सिस्टर दर तीन तासांनी ताप बघायची आणि बाहेर येऊन मान हलवायची, नाही, ताप नाही. मग मावशी हातांची घडी सोडायच्या. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी गोळ्या चुकीच्या मोजायला लागलो होतो, एका म्हाताऱ्याने तर मला गोळ्या परत आणून दिल्या, म्हणाला, आज एवढा उदार कसा झालास? मला टोमणा सुचला नाही. मला दोन भीती होत्या आणि त्यातली मोठी कुठली ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सिस्टर बाहेर आली आणि तिने मान हलवली नाही.

बाळंतिणीला एकशे एक ताप होता. अंग थरथरत होतं. डॉक्टरबाई आत धावल्या, आत काय चाललंय ते कळेना, बाळ रडत होतं की नव्हतं तेही कळेना. मला ते ऐकू यावं म्हणून मी समोरच्या माणसाला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मग डॉक्टरबाईंनी गाडी बोलावली. आमच्याकडे जे होतं ते दिलंय, धोका नको, मोठ्या रुग्णालयात हलवूया, असं त्यांनी शिंप्याला सांगितलं. स्ट्रेचर माझ्या खिडकीसमोरून गेलं. बाईचा चेहरा तापाने लाल झाला होता आणि ती सारखी विचारत होती, बाळ कुठाय, बाळ कुठाय. बाळ सासूकडे होतं. मावशी गाडीच्या दारापर्यंत गेल्या. सासूने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार लागलं, गाडी गेली आणि मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी सिस्टरने त्यांना हाताला धरून आत आणलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात कोणी मोठ्याने बोललं नाही. टेबलावरचा फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबायचे. एकदा पाण्याच्या तपासणीचा फोन आला, एकदा शाळेतल्या तपासणीच्या तारखेचा. दोन्ही वेळा मी हातातल्या गोळ्या पहिल्यापासून मोजल्या. मी मनातल्या मनात नवस बोलत होतो, बाई आणि बाळ वाचू देत, मी सगळं सांगेन. नक्की सांगेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. डॉक्टरबाईंनी तो उभ्यानेच घेतला आणि ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. ताप टाक्यांचा नव्हता. दूध दाटलं होतं, पहिलटकरणीला तिसऱ्या दिवशी होतं तसं. टाके स्वच्छ, नाळ कोरडी, बाळ दूध पितंय, ताप उतरलाय. आठ दिवस ठेवून घेतील, पण काळजीचं कारण नाही. सिस्टर रडायला लागली. मावशी पायरीवरच होत्या. त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, दोघी? दोघी, असं म्हटल्यावर त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि तशाच बसून राहिल्या. तीन दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

मी सांगेन म्हणालो होतो. मी सांगितलं नाही. दोघी वाचल्या, आता कशाला, असं कारण मनाने लगेच काढून दिलं.

पुढच्या आठवड्यात चौकशीला वरच्या कचेरीतून साहेब आले. डॉक्टरबाईंच्या टेबलाशी बसून त्यांनी एकेकाला विचारलं. माझं अक्षर बरं म्हणून मला उत्तरं उतरवून घ्यायला बसवलं होतं. मावशींनी वीज गेल्यापासूनचं सगळं सांगितलं, पोरीच्या कपाळासकट. साहेबांनी विचारलं, ड्रमवर टेप का नव्हती? माझं पेन थांबलं.

मावशी म्हणाल्या, “टेपचं मला विचारू नका. पट्टीचं विचारा, ती माझी होती.”

साहेबांना घाई होती. त्यांनी मला सांगितलं, लिहा, आयाला टेपच्या वापराची माहिती नाही. मी लिहिलं. चार सिस्टरांना टेप कशी लावायची ते जिने शिकवलं, तिच्याबद्दल माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात मी ते लिहिलं. मावशी समोर उभ्या होत्या.

त्यांना ड्रमच्या कामावरून काढलं. राहिलेले चार महिने त्यांनी अंगण झाडलं आणि रांगेला नंबर दिले. टेप आता भरपूर होती, मी चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन भांडारात गेलो होतो आणि तिथला माणूस चक्क जागेवर सापडला होता. मावशी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या. मीच त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो. रोज सकाळी त्या ओट्यावर दिसल्या की मला वाटायचं, आज सांगतील. डॉक्टरबाईंच्या खोलीत पाणी द्यायला गेल्या की मी दाराकडे बघत बसायचो. चार महिने मी असा जीव मुठीत धरून काढले. मध्ये एकदा शिंप्याची बायको बाळाला लसीला घेऊन आली. तिने बाळ मावशींच्या हातात दिलं. सासूने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. मी खिडकी अर्धी लावून घेतली.

मावशींच्या निरोपाला व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. चहा होता, बिस्किटं होती, रांगेतलेही काही जण थांबले होते, शिंपी बाळाला घेऊन मागे उभा होता. भाषण माझ्याकडे. साहजिक आहे, तोंड माझंच चालतं. मी दोन विनोद पाठ करून आलो होतो. एक झाडू घेतलेल्या नवऱ्यांचा, तो सांगितला, लोक हसले. दुसरा सांगायला तोंड उघडलं आणि मावशींकडे लक्ष गेलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि हात मांडीवर होते. डावं मनगट मोकळं.

“चौकशीच्या कागदावर लिहिलंय की मावशींना टेप माहीत नव्हती,” मी म्हणालो. “ते मी लिहिलंय. मावशींनी टेप माझ्याकडे तीन वेळा मागितली होती. मी आणली नाही.”

लोक हसले. त्यांना तो दुसरा विनोद वाटला. मी हसत नाही हे बघून एकेकाचं हसू थांबलं. डॉक्टरबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मागे शिंपी बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघत होता. डॉक्टरबाई उठल्या, खोलीकडे निघाल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, आत या.

माझे पाय हलेनात. मावशी जवळ आल्या. मी त्यांना कसंबसं विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? मला चार महिने वाटत होतं, आज सांगाल, उद्या सांगाल.

“माझी चूक मी सांगितली,” मावशी म्हणाल्या. “तुझी मी कशी सांगणार? मी पण चार महिने वाटच बघत होते.”

त्यांनी माझा कोपर धरला. “चल,” त्या म्हणाल्या. “दारापर्यंत मी आहे, आत तुझं तू.”